दक्षिण आशियाचा भिंतीवरचा नकाशा: रेषा चोख, लॅमिनेशन कच्चं

रत्नागिरीच्या बाजारात मिळणारा हा तीन फुटी नकाशा वर्गासाठी जरूर घ्यावा. प्रदेशाची हद्द निकषागणिक बदलते, हे त्यात तीन वेगळ्या रेषांनी दाखवलंय. पहिली हिंदुकुश, हिमालय, आराकान अशी डोंगरांवरून जाते. दुसरीत सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या सहकार्य संघटनेचे आठ देश येतात. अफगाणिस्तान त्यात २००७ मध्ये आला. तिसरी संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागणीची, जी इराणलाही दक्षिण आशियात धरते. श्रीलंका बेट असूनही उपखंडात का, हे भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, फिकट निळ्या रंगावरून मुलांना लगेच कळतं. फारच छान!

कोकण मात्र चुकलंय. प्रमाण १ सेंमीला ५० किमी, म्हणजे आपली किनारपट्टी जेमतेम सेंटिमीटरभर रुंद. त्यात सह्याद्रीची तपकिरी पट्टी इतकी जाड छापलीय की चिपळूण घाटमाथ्यावर जाऊन बसलंय. तिथे जिल्ह्याचा नकाशा शेजारी लावाच.

पावसाळ्यात दमट हवा कडेने शिरते, कागद फुगतो आणि लॅमिनेशन सुटतं. टांगण्याआधी चारही कडांना कापडी टेप लावा आणि भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवा, कारण ओल भिंतीतूनही येते.