वाइड डायनॅमिक रेंजचा कॅमेरा: आठ महिने वापरल्यानंतर

आमची शेड बडोद्याला, मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातची औद्योगिक वसाहत). पितळी व्हॉल्व्ह बॉडीचं काम. तयार झालेला प्रत्येक नग, म्हणजे जॉब, कॅमेऱ्याखाली तपासून पास-नापास ठरवतो. जॉबचा वरचा फेस लेथवरून आरशासारखा चकचकीत येतो, आणि आत बोअरमध्ये, म्हणजे मधल्या भोकात, अंधार, त्यातच आटे. फेसवरची बर (कापताना कडेला राहिलेली धातूची कुसळं) दिसेल असं एक्सपोजर, म्हणजे उजेड घ्यायचा वेळ, ठेवलं की आटे गायब. आटे दिसतील इतकं वाढवलं की फेस पांढराफटक. म्हणून दिवाळीनंतर वाइड डायनॅमिक रेंजवाला, म्हणजे खूप उजळ आणि खूप अंधारी जागा एकाच फोटोत दाखवणारा, मोनो (कृष्णधवल) कॅमेरा बसवला. ऑटो एक्सपोजर आणि ऑटो गेन (गेन म्हणजे सिग्नल वाढवणं) पहिल्याच दिवशी बंद केले. तपासणीत ते नकोतच, प्रत्येक जॉबचा फोटो वेगळा येतो.

आमच्या कॅमेऱ्यात दोन पद्धती आहेत. लांब आणि आखूड असे दोन फोटो जोडायची पद्धत मी महिनाभरात सोडली. जॉब एकेक करून कॅमेऱ्याखाली आणणारं इंडेक्सिंग टेबल थांबल्यावरही क्षणभर थरथरतं, आट्यांच्या कडा दुहेरी यायच्या. दुसरी नी पॉइंटची, ती मला मनापासून आवडली. एकाच एक्सपोजरमध्ये ठरावीक पातळीवर पोचलेले पिक्सेल कॅमेरा तिथेच अडवून धरतो आणि शेवटच्या थोड्या वेळात पुढे भरू देतो. अंधारातल्या पिक्सेलना मात्र पूर्ण वेळ मिळतो. आमची सेटिंग: एकूण १०,००० मायक्रोसेकंद, त्यातले शेवटचे ५०० मोकळे, अडवायची पातळी पिक्सेलच्या क्षमतेच्या ६० टक्के, गेन शून्य. उरलेली ४० टक्के जागा विसाव्या हिश्शाच्या वेळात भरायची, म्हणजे पूर्वीच्या ८ पट उजेड मावतो, डायनॅमिक रेंजच्या मापात साधारण १८ डेसिबल जास्त. हे आकडे सगळ्यात चकचकीत जॉब ठेवून, हिस्टोग्राम (किती पिक्सेल किती उजळ याचा आलेख) बघत ठरवले. मध्यम जॉबवर ठरवू नका, पुढे फसाल.

१०,००० हा आकडा मुद्दाम घेतला होता. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, १० मिलिसेकंदांत एक फेरा पुरा; एक्सपोजर तेवढंच ठेवलं की हा फरक फोटोत दिसू नये. तरी फेस कधी उजळ, कधी मळकट. तपासणीवरचे काका म्हणाले, "अहो, मघाशी पास झालेला जॉब परत ठेवला तर आता नापास सांगतोय." तोच जॉब त्यांनी २० वेळा ठेवून दाखवला. दोन दिवस काही सुचेना. मग लक्षात आलं: अंधाराला १० मिलिसेकंद पूर्ण मिळतात, पण फेसचं ठरतं शेवटच्या अर्ध्या मिलिसेकंदात, आणि तो तुकडा फेऱ्यात कुठेही पडतो. कॅमेऱ्याचा रिंग लाइट डीसीवर होता, म्हणजे त्याचा उजेड कमीजास्त होत नव्हता; उजेड शिरत होता शेडच्या ट्यूबचा. आतून काळा रंगवलेला पत्र्याचा डबा कॅमेऱ्याभोवती बसवला, त्याच दिवशी थांबलं.

एक उणीव राहतेच. ६० टक्क्यांच्या वर उजेड आणि ग्रे लेव्हल (फोटोत पिक्सेल किती उजळ दिसतो तो आकडा) यांचं प्रमाण बदलतं, म्हणून फेसची कड किंचित सरकून मोजली जाते. बर आहे की नाही हे बघायला नी पॉइंट उत्तम. बोअरचा व्यास मी साध्या एक्सपोजरच्या वेगळ्या फोटोवरच मोजतो.

आणि सेटिंग युजर सेटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरीत, सेव्ह करा, कॅमेरा चालू होताना तोच सेट उघडेल असंही ठरवून द्या. मी यातलं दुसरं विसरलो होतो. मे महिन्यात लाइट गेली, आली तेव्हा कॅमेरा मूळ सेटिंगवर, आणि सकाळच्या पाळीत एकामागून एक जॉब नापास. त्या दिवशीचा सगळा माल काकांनी भिंग लावून तपासला, तेव्हा कुठे संध्याकाळी टेम्पो निघाला.