टपाल-तार-रेडिओवाल्यांसाठी प्रवास अनुदान: पहिला अर्ज कुठे करावा

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने पीएच.डी.ला संपर्कसाधनांचा इतिहास घेतला, की कुणीतरी लगेच परदेशी फेलोशिपची यादी हातात ठेवतं. यादी खोटी नसते, फक्त क्रम चुकतो. निजामी मुलखावर काम असेल तर पहिला अर्ज भारतीय इतिहास संशोधन परिषदेच्या अभ्यास-प्रवास अनुदानासाठी करावा. देशातली अभिलेखागारं आणि ग्रंथालयं पालथी घालायला ते आहे, आणि आपलं दप्तर बहुतांशी देशातच आहे.

दप्तर कुठे आहे ते ठरवल्याशिवाय मात्र अर्जाला हात लावू नये. हैदराबाद संस्थानाचं टपाल खातं स्वतःचं होतं, 1869 पासून तिकिटंही स्वतःची. तार मात्र ब्रिटिश हिंदुस्थानच्या खात्याची. म्हणून टपालाच्या फायली हैदराबादच्या तारनाका भागातल्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात शोधायच्या, आणि तारेविषयीचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, हैदराबाद रेसिडेन्सीच्या, म्हणजे निजामाकडच्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीच्या कागदांत. (तारनाक्यातली तार कुंपणाची होती म्हणतात. हुरळून जाऊ नये.) छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेख कार्यालय एसटीच्या तिकिटात होतं, ते आधीच उरकावं. दिल्लीच्या फायलींची राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या चाळणी होते. कोणत्या फायली ऑनलाइन नाहीत म्हणून दिल्लीला जायचंय, हे अर्जात फाइल क्रमांकांसह लिहिलं तर वजन पडतं. नुसतं 'प्राथमिक साधनांचा अभ्यास' लिहिलेले अर्ज मागे पडतात, आणि त्यात अन्याय काही नाही.

सगळ्यात महाग चूक सनाची. निजामी कागदांवर बहुधा फसली, म्हणजे महसुली कामाचा सन असतो. त्यात ढोबळमानाने 590 मिळवले की इसवी सन येतो: फसली 1345 म्हणजे 1935-36, निजामाच्या डेक्कन रेडिओच्या सुरुवातीचा काळ. हाच 1345 हिजरी समजला तर 1926-27 हाती लागतं. मग नऊ वर्षं आधीचे गठ्ठे मागवले जातात आणि मंजूर आठ दिवसांतले तीन त्यातच जातात. दुसरी अडचण लिपीची. जुने कागद फारसीत, पुढचे उर्दूत, तेही शिकस्त, म्हणजे घाईच्या मोडक्या अक्षरात. नुसत्या मोडीवर तिथे भागत नाही. वाचून देणाऱ्या जाणकाराचं मानधन त्या योजनेच्या खर्चाच्या शीर्षात बसतं का, हे अर्जाआधी लेखी विचारून घ्यावं. 'संकीर्ण'मध्ये घुसवलेली रक्कम लेखापरीक्षणात हमखास कापली जाते.

हैदराबादच्या फेरीचा हिशेब सोपा आहे. नांदेड, परभणी, जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबाद, तिथून मेट्रोची निळी लाइन, तारनाका स्टेशन. सोबत गाईडचं पत्र, विद्यापीठाचं ओळखपत्र, आधारची प्रत आणि दोन फोटो असू द्यावेत. फायली आज मागितल्या की आजच टेबलावर येतील असं गृहीत धरू नये. पहिला दिवस सूची आणि मागणीपत्रकांत जातो, म्हणून सोमवारी सकाळी पोचावं. शुक्रवारी पोचणारा सुट्टीच्या दिवसाचंही लॉजचं भाडं भरत बसतो.

पैसे परत मिळवताना घोळ होतो तो बिलांवरून. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत कोरं पडतं, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचावी. लॉजच्या बिलावर नाव आणि तारखा हव्यात. उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झालं या दाखल्यावर, विद्यापीठाच्या वित्त विभागाची सही लागत असेल, तर मार्चअखेरीस ती मिळेल या भरवशावर राहू नये.

परदेशी योजनांत अमेरिकेतल्या सोसायटी फॉर द हिस्टरी ऑफ टेक्नॉलॉजीचं प्रवासभाडं अधिवेशनात निबंध वाचणाऱ्यांसाठी असतं, दप्तर चाळायला नव्हे. डेलावेअरच्या हॅगली ग्रंथालयाचं आठवडाभराचं चाचपणी अनुदान नेटकं आहे, पण तिथे आरसीए या अमेरिकी रेडिओ कंपनीचे कागद आहेत. औरंगाबादच्या रेडिओ केंद्रावर लिहिणाऱ्याला त्यांचा उपयोग झालाच तर यंत्रसामग्रीच्या प्रकरणापुरता. लंडनमधल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या दप्तरासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट बघण्यासारखा आहे, तोही दिल्ली-हैदराबाद झाल्यावर. परदेशी पैसा पुष्कळदा खर्च झाल्यानंतर हातात येतो, तोवर व्हिसा शुल्क आणि तिकीट आपल्याच खिशातून. फेलोशिप सहा-सहा महिने तुंबलेल्या विद्यार्थ्याने अर्ज करण्याआधी एकच प्रश्न ईमेलवर विचारावा: आगाऊ रक्कम किती टक्के मिळते?