डेनाली ट्रिप आणि 3,615 डॉलरचा चुना

लिहायची लाज वाटतेय, बायको म्हणतेय कशाला जगजाहीर करतोस, पण सीझन जवळ आला की आपली मंडळी अलास्कासाठी आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, शोधायला लागतात म्हणून लिहितोच.

लग्नाची 25 वर्षं, जूनमध्ये दोघंच अलास्कातल्या अँकरेजहून आरव्हीने डेनालीला, म्हणजे त्या नावाच्या उंच डोंगराभोवतीच्या नॅशनल पार्कला, जायचं ठरलं. कंपन्यांच्या गाड्या एकतर बुक झालेल्या नाहीतर रेट ऐकून चक्कर यावी असे. एका ग्रुपवर जाहिरात दिसली, मालकाची स्वतःची गाडी, 9 रात्रींचे 2,340, डिपॉझिट 1,000. माणूस फोनवर इतका गोड की डासांसाठी कुठला स्प्रे घ्यायचा तेही सांगितलं. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, कार्ड नको, ॲपवरून थेट टाका. टाकले. ऑफिसात फिशिंगचं, म्हणजे ऑनलाइन फसवणूक कशी ओळखायची याचं, ट्रेनिंग मीच देतो, हसा खुशाल.

पण डोक्यात घण पडायला हवा होता तो नंतर. म्हणाला, माझ्याकडे पार्क रोडचं परमिट आहे, 275 द्या आणि गाडी थेट वंडर लेकला न्या, 85 मैल आत. अहो, मी पार्कच्या साइटवर वाचलं होतं! उन्हाळ्यात खासगी गाडी 15व्या मैलाला, सॅवेज रिव्हरला थांबते, पुढे बस, आणि प्रिटी रॉक्स या जागी डोंगर घसरतोय म्हणून 2021 पासून बससुद्धा 43व्या मैलावरून परत. बायकोने विचारलंच, मग ही गाडी काय उडत जाणार? मी म्हटलं अगं, टेकलानिका कॅम्पग्राउंड 29व्या मैलावर आहे, 3 रात्रींचं बुकिंग असलं की तिथे आरव्ही सोडतात, तसलंच काहीतरी असेल. आणि टेकलानिकाचं खरंच आहे हो, म्हणून तर गळाला लागलो. आणखी एक, जाहिरातीतल्या फोटोच्या कोपऱ्यात निवडुंग होतं. अलास्कात निवडुंग! नंतर फोटो सर्च केला तर तीच गाडी ॲरिझोनात विकायला. तुम्ही पैसे टाकायच्या आधी करा हे.

रात्री साडेअकराला उतरलो, बाहेर अजून उजेड. दिलेल्या पत्त्यावर कार्पेटचं दुकान, शटर बंद, फोनही बंद. बायको सुटकेसवर बसली, मांडीवर कुकरची पिशवी. एक शब्द बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं.

बँकेत 40 मिनिटं होल्डवर, मग तिसऱ्या माणसाने सांगितलं तुम्ही स्वतःच पाठवलेत म्हणजे हा फ्रॉड धरत नाही. मग काय, चोराने माझा हात धरून बटण दाबायला हवं होतं? तिकडचे पोलीस म्हणे राहता तिथे तक्रार करा, इकडचे म्हणे घटना तिकडची. सरकारी ऑनलाइन फॉर्म भरला, दीड तास, प्रत्येक स्क्रीनशॉट जोडून, मिळाला एक नंबर. 8 महिने झाले, हूं नाही की चूं नाही. फ्रेम करून लावतो आता तो नंबर. कार्ड घेत नाही म्हणाला की फोन ठेवा, व्हिडिओ कॉलवर नंबरप्लेट आणि रजिस्ट्रेशन दाखवत नसेल तरी ठेवा, आणि बायको काही विचारत असेल तर ऐका.

शेवटी 1,412 डॉलरला साधी कार भाड्याने घेतली, पार्कजवळच्या हीली गावात राहिलो, बसने 43व्या मैलापर्यंत जाऊन आलो, डेनालीचा डोंगर सगळे दिवस ढगात. सॅवेज रिव्हरला मी रेंजरबाईंना ते परमिट मोबाइलवर दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, किती दिले याचे? म्हटलं, 275. बाकीचा आकडा सांगायची हिंमत झाली नाही.