निंदणीसाठी जाळीची टोपी: घ्यावी, पण शिवून

आठवडी बाजारात मिळणारी तोंडावर जाळी असलेली कापडी टोपी चिलटं आणि डासांसाठी चांगलीच. पऱ्हाटीत निंदताना वाकलं की चिलटं थेट डोळ्यांत शिरतात, तिथे तिला तोड नाही. जाळी काळीच घ्या. पांढरीवर ऊन चमकतं आणि समोरचं दिसत नाही. टोपीचं कापड मात्र पांढरं हवं, कारण मधमाश्या गडद रंगावर धावतात.

मोठा दोष काठाचा. काठ तीन इंचांपेक्षा कमी किंवा मऊ असेल तर घामानं जाळी नाकाला, कानाला चिकटते आणि डास तिच्यातूनच चावतो. काठात पातळ तार ओवून घ्या. गळ्याचं इलास्टिकही लवकर सैल पडतं. ते काढून नाडी घाला, बगलेखालून घेऊन छातीवर बांधा आणि जाळीची कड शर्टाच्या कॉलरमध्ये खोचा.

हातापायांना डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लागेलच. सनस्क्रीन लावत असाल तर ते आधी, मलम नंतर. डीटनं प्लॅस्टिक विरघळतं, म्हणून चष्म्याला ते बोट लावू नका. सिट्रोनेला या वासाच्या गवताचं तेल तास-दोन तासांतच उडून जातं, दिवसभराच्या कामाला त्याचा भरवसा नाही.

धुऱ्यावरच्या झाडाला आग्या मोहोळ असेल तर या टोपीवर विसंबून तिथे जाऊच नका. माश्या उठल्याच तर हात न झाडता सरळ घरात पळा. काटा नखानं लगेच खरवडून काढा, कारण तो रुतून राहील तितकं विष आत जातं.