हाडाच्या गाठीची बायोप्सी: कोल्हापुरात की मुंबईत?

कागलहून मावसभावाचा फोन आला. पोरगं 14 वर्षांचं, गुडघ्याच्या वर सूज, रात्री ठणका. एक्स-रे बघून डॉक्टरांना शंका आलेली. "दादा, तुकडा इथंच काढू का थेट टाटाला जाऊ?"

खर्च आणि दगदग बघितली तर कोल्हापूर सरस, वाद नाही. घरचा डबा, संध्याकाळी घरी. मुंबई म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसची रात्र आणि परळमध्ये खोलीची शोधाशोध.

पण खरी गोम आहे बायोप्सीचा तुकडा काढायची सुई कुठून घातली यात. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर निघाला, तर सुई गेली ती वाटसुद्धा पुढच्या ऑपरेशनमध्ये गाठीसोबत कापून काढतात. भलत्या बाजूनं सुई घातली किंवा आडवा छेद घेतला, तर वाचला असता तो पाय जाऊ शकतो. म्हणून ऑपरेशन करणाऱ्या सर्जननंच जागा ठरवावी. एमआरआय बायोप्सीच्या आधी. नंतर केला तर सूज, रक्तामुळं चित्र गढूळ दिसतं.

निदानातही फरक पडतो. ऑस्टिओसार्कोमा की युइंग हा हाडाचा दुसरा कॅन्सर, यावर केमोची औषधं बदलतात, आणि असे रुग्ण मुळात कमी. रोज अशा तुकड्यांच्या स्लाइड बघणारा डोळा हवा.

तेल चोळत बसणं मात्र दोन्हीहून वाईट.

एक्स-रे, रक्त, एमआरआय कोल्हापुरात उरका. कॅन्सरची शंका दाट असेल तर सुई मुंबईतच. पुढची केमो तिथल्या वेळापत्रकाप्रमाणे इथं घेता येते का, ते तिथंच विचारा. इथंच हाडांच्या कॅन्सरचं ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन असेल, तर गाडी पकडायची गरज नाही.