रोटरी कटर आणि मॅट: 180 चौकोन कापून झाल्यावर

आईच्या ट्रंकेत वर्षानुवर्षांचं कापड साठलं होतं. ब्लाउजपीस, इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधले कटपीस, मुलीची झबली, बाग प्रिंटच्या कुर्त्यांचे तुकडे आणि आईची विरलेली महेश्वरी. यंदा त्याची गोधडी करायचीच म्हणून 45 मिमी व्यासाच्या, चाकासारख्या फिरणाऱ्या गोल पात्याचा रोटरी कटर, कापताना खाली ठेवायची ए3 मॅट आणि पारदर्शक पट्टी मागवली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, गोधडीला कसली मोजपट्टी? बसेल तसा तुकडा लावावा." त्यांच्या पद्धतीत ते बरोबरच आहे. जुन्या लुगड्यावर तुकडे मांडून धावदोरा घालत गेलं की कमी-जास्त सगळं सामावतं. मला मात्र चौकोनाला चौकोन जोडून मशीनवर शिवायचं होतं. तिथे प्रत्येक तुकडा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, चुकला, तर बारा चौकोनांच्या ओळीत दीड इंचाचा फरक पडतो. कात्रीने कापलेल्या पहिल्या दोन ओळी त्यापायी उसवाव्या लागल्या.

कटरने ते दुखणं संपलं. धुऊन इस्त्री केलेलं सुती कापड चार पदरी ठेवलं तरी एका दाबात कापतं. 5 इंची चौकोन, चारही बाजूंनी पाव इंच शिलाईत, म्हणजे उरतो साडेचारचा. आडवे 12, उभे 15. कोपऱ्याला कोपरा असा भिडलाय की उलट्या बाजूनेही बघत बसावंसं वाटतं.

महेश्वरीने परीक्षा पाहिली. रेशमी ताणा (उभे धागे), सुती बाणा (आडवे धागे), त्यात जुनी. पट्टीखाली सरकत राहायची. खळ लावून इस्त्री केली आणि एकेकच पदर कापला, तेव्हा साडीची चटईच्या नक्षीची किनार चौकोनाच्या बरोबर मध्ये आली. आईच्या सगळ्या साड्यांत तीच मला ओळखू येते.

पात्याची काळजी घ्या. माझं एकदा टाचणीवरून गेलं. त्यानंतर लांब पट्टी कापताना दर साडेपाच इंचांवर एक धागा तसाच राहायचा. पात्याचा घेरच तेवढा, म्हणजे तिथे खाच पडली होती. जास्तीची पाती सोबतच घ्या, आणि प्रत्येक वेळी खाली ठेवताना कव्हर लावा. घरात लहान मूल असेल तर विसरून चालणारच नाही.

मॅट मी मे महिन्यात गच्चीवर ठेवून आले. उन्हाने ती मधोमध वर उचलली, ती अजून सपाट झालेली नाही. सावलीत आडवीच ठेवा. पट्टीही घसरते, तिच्या मागे पॉलिश पेपरचे चार बारके तुकडे चिकटवले, तेव्हा हलायची थांबली.

हाताने धावदोऱ्याची गोधडी करणार असाल, तर हे घ्यायची काही गरज नाही. मशीनवर चौकोन जोडणार असाल, तर निःशंक घ्या, आणि पैसे कमी असतील तर आधी चांगली पट्टी घ्या.

अस्तराला सासूबाईंनी स्वतःची सुती साडी काढून दिली आहे. काठाची अडीच इंची पट्टी कापून ठेवलीय. "ती हाताने मीच लावणार," असं त्यांनी बजावलं आहे.