आई-बाबांसाठी श्रवणयंत्र: कानामागचं घ्यावं की कानाच्या आतलं?

दुकानात पाऊल टाकल्याबरोबर बहुतेक ज्येष्ठांचा पहिला प्रश्न असतो, "दिसणार नाही ना?" मग काउंटरवरचा माणूस शेंगदाण्याएवढं यंत्र तळहातावर ठेवतो आणि निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. खरं तर तो निर्णय बोटं, कानातला मळ आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, यांनी करायचा असतो.

साधारण तीन प्रकार समोर येतात. कानाच्या नळीत पूर्ण शिरणारं ते सीआयसी. कानामागे बसणारं आणि नळीने कानात बसणाऱ्या, कानाच्या मापाच्या साच्याला जोडलेलं ते बीटीई. तिसरं आरआयसी: तेही कानामागेच बसतं, पण त्याचा इवलासा स्पीकर बारीक तारेच्या टोकाला, थेट कानाच्या नळीत असतो. माझा कौल आधीच सांगून टाकते: सत्तरीपुढच्या माणसासाठी कानामागचंच. ऐकू किती कमी येतं, यावरून त्यातलं बीटीई की आरआयसी ते ठरवा.

बोटांपासून सुरुवात करू. सीआयसीत बहुधा १० नंबरचा सेल लागतो, पिवळ्या स्टिकरचा. तो मसुराच्या दाण्याहून थोडासाच मोठा असतो. स्टिकर काढायचं, हवा आत शिरायला एखादं मिनिट थांबायचं, मग नखाने दार उघडून सेल बसवायचा. असं दर चार-सहा दिवसांनी. हात थरथरत असतील, मोतीबिंदू असेल किंवा मधुमेहामुळे बोटांना नीट कळत नसेल, तर सेल पलंगाखाली आणि यंत्र डबीत, अशी गत होते. स्टिकर एकदा निघालं की वापरा अथवा न वापरा, सेल उतरायला लागतो, हेही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बीटीईत नारिंगी स्टिकरचा १३ नंबरचा किंवा निळ्या स्टिकरचा ६७५ नंबरचा सेल असतो. तो मोठा असतो, टिकतोही जास्त. चार्जिंगचं आरआयसी घेतलं तर ही कटकटच नाही. रात्री डबीत ठेवलं की सकाळी तयार. घरात लहान नातवंडं असतील तर चार्जिंगचंच घ्या, कारण सेल गिळला गेला तर थेट हॉस्पिटल गाठावं लागतं.

आता मळ. आतल्या यंत्राचा सगळा संसार मळात आणि घामात असतो. स्पीकरचं तोंड बुजलं की "मशीन बंद पडलं" म्हणून सर्व्हिस सेंटरची वारी. आरआयसीतही स्पीकर आतच असतो, पण त्याची मळाची जाळी घरी बदलता येते आणि वेळ पडली तर तेवढा स्पीकर बदलता येतो. बीटीई इथे सरळ जिंकतं: साचा नळीसकट यंत्रापासून सोडवायचा, कोमट पाण्याने धुवायचा, रात्रभर वाळवायचा. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर जून ते सप्टेंबर यंत्र रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायला हवं, मग ते कुठलंही असो. ही डबी यंत्राबरोबरच मागून घ्या.

ऐकण्याचं काय? वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. बाबांना पंख्याची घरघर ऐकू येते, पण "सात" म्हटलेलं "हात" वाटतं. अशा कानात नळी पूर्ण बुजवणारं सीआयसी घातलं की स्वतःचाच आवाज घुमतो, "डोकं भांड्यात घातल्यासारखं वाटतं" अशी तक्रार येते. आरआयसीला छिद्रांची मऊ टोपी लावली की हे बरंच टळतं. ऑडिओग्रामवर उजव्या कानासाठी लाल गोल आणि डाव्यासाठी निळी फुली असते. या खुणा कागदाच्या फार तळाशी, ७०-८० डेसिबलच्या रेषेच्याही खाली असतील, तर साच्याचं ताकदवान बीटीई हवं; सीआयसीचा हट्ट सोडा.

आतल्या यंत्राच्याही बाजू आहेत. चष्म्याची काडी आणि मास्कची दोरी त्याला अडत नाही. फोन नेहमीसारखा कानाला लावता येतो, वाऱ्याचा आवाजही कमी पकडतो. पन्नाशीतला नोकरदार, सौम्य ते मध्यम दोष, कोरडा कान, हाताला चपळ: त्याने जरूर घ्यावं.

ऑनलाइन मिळणारी हजार-दोन हजारांची "कानाची मशिन्स" या तुलनेत बसतच नाहीत. ती सगळेच आवाज सरसकट मोठे करतात, ताटाचा खणखणाटसुद्धा. पैसे वाचतात आणि यंत्र कपाटात जातं.

कुठलंही घेण्याआधी ईएनटी डॉक्टरांकडून कान बघून घ्या. नुसता मळ निघाल्यावर ऐकू येऊ लागलेले लोक कमी नाहीत. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर आधी उपचार. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर यंत्राच्या दुकानात जाऊ नका. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. त्यावरचं औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं.

पैशांचं बोलायचं तर श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर विचारा. महागड्या यंत्रातले वीस-वीस चॅनेल, म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या स्वतंत्रपणे जुळवायची सोय, घरात बसून टीव्ही बघणाऱ्या आजींना फारसे कामाचे नसतात. लग्नकार्यं, भिशी, देवळातली गर्दी असेल तर गोंगाट कमी करणाऱ्या सोयींवर खर्च करा. परवडत असेल तर दोन्ही कानांना मध्यम दर्जाची यंत्रं घ्या, एकाच कानाला भारीतलं नको. आवाज कुठून आला हे दोन्ही कानांमुळे कळतं. केंद्राच्या एडिप योजनेत दिव्यांगांना आणि राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना अटींनुसार श्रवणयंत्र मिळतं. मुंबईकरांना वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासणी करून घेता येते.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: काही दिवस घरी वापरून बघायची मुभा आणि पहिल्या काही महिन्यांतलं फेरजुळणीचं सेटिंग फुकट. नव्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे लागतातच, आणि सेटिंग एका बैठकीत क्वचितच जमतं. ट्रायलला "नाही" म्हणणाऱ्या दुकानातून यंत्र घेऊ नका, मग सवलत कितीही असो.